हुंडी आणि हवाला

काशीत मणिकर्णिका व पंचगंगा या घाटांच्या दरम्यान भोसले घाट आहे. नागपूरकर भोसल्यांनी तो अठराव्या शतकात बांधविला. तेथेच त्यांचे लक्ष्मीनारायणाचे मंदिरही आहे. त्या काळी महाराष्ट्रातून काशीस रोकड नेणे म्हणजे वाटेवरच्या लुटारूंना आमंत्रणच! म्हणून दूरदेशीचा पैसा बहुधा हुंडीने जाई. पुण्याचा सावकार रक्कम घेई, हुंडणावळ कापी आणि काशीतील आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून देई.

या व्यवहारावर सरकारी मोहोर नव्हती. पण म्हणून तो बेबंद होता असे मात्र नव्हे. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावी लागे, मुदतीची ठरल्या दिवशी. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून 'रुपये शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे' अशा धर्तीवर ती पुन्हा पुन्हा लिहीत. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ प्रतिष्ठित पेढीवाल्यासच मिळत. हुंडी चोरीची निघाली तर रक्कम परत करण्यास तोच बांधलेला असे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ. ज्याची हुंडी परत येई त्याची पत बाजारातून उठे, आणि ही शिक्षा तुरुंगाहून हलकी नव्हती. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांची स्थानिक वहिवाट अबाधित ठेविली.

हवाला हा याच घराण्यातला, पण त्याची चाल निराळी. हुंडीचा कागद दहा हातांतून उघडपणे फिरे. हवाल्यात कागद शक्यतो राहूच द्यावयाचा नाही. आखातातील मजूर तेथील दलालास दिर्हम देतो, येथला दलाल त्याच्या घरी रुपये पोचवितो. पैसा सरहद्द ओलांडीतच नाही. दलालांची आपसांतील फेड सोन्याने किंवा मालाच्या खोट्या बिलांनी होते. १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्यापासून असा व्यवहार निषिद्ध आहे. आज १९९९ चा कायदा लागू आहे. मजुराला त्यात स्वस्ताई आणि तत्परता दिसते, त्यात नवल नाही. परंतु ज्या मार्गावर मजुराला कोणी प्रश्न विचारीत नाही, त्याच मार्गावर तस्करालाही कोणी विचारीत नाही.

आणि रक्कम बुडाली तर? हुंडीवाल्यास न्यायालयाचा दरवाजा मोकळा होता. हवाल्यात पैसा घालणाऱ्यास तो बंद आहे. कारण बेकायदा हेतूचा करार १८७२ च्या करार कायद्यान्वये मुळातच रद्दबातल ठरतो, आणि फिर्याद मांडावयाची तर आधी स्वतःचाच गुन्हा सांगावा लागतो.