ओल्या पावलांसाठी खरखरीत जमीन : तरण तलावाच्या काठाचे काँक्रीट

मीरा-भाईंदर परिसरात उभ्या राहिलेल्या अनेक गृहसंकुलांत आज तरण तलाव आहेत. आपले कित्येक माजी विद्यार्थी अशा संकुलांत राहतात. त्यांपैकी काही सोसायटीच्या समितीवर काम करतात, तर काही स्वतः बांधकामाच्या व्यवसायात आहेत. विद्यालयाच्या आवारातही मुलांना पोहणे शिकविण्याची सोय व्हावी, अशी इच्छा पालक वेळोवेळी बोलून दाखवितात. तलावाचा विषय निघाला की पाण्याची खोली, फिल्टर आणि निळ्या टाइल्स यांचीच चर्चा रंगते. काठाच्या जमिनीचा विचार मात्र शेवटी, बहुधा पैसे संपत आले असताना होतो. वस्तुतः मूल पाण्यात उतरण्यापूर्वी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अनवाणी धावते ते याच जमिनीवर. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्या दुर्लक्षित विषयाची माहिती देत आहोत.

पाण्याच्या काठाला आपल्या इतिहासात वेगळा अर्थ आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे उतरली, ती केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे, तर समान हक्काची स्थापना करण्यासाठी. काठ सर्वांसाठी खुला करण्याचे ते कार्य होते. तो लहान मुलांसाठी, वृद्धांसाठी आणि कुबडी घेऊन चालणाऱ्यांसाठी सुरक्षित करणे हे त्यामानाने छोटे काम आहे, परंतु ते आपल्या हातात आहे.

पाय का घसरतो?

घोटलेला कोबा, पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल ओली झाली की पाऊल आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. त्या थराला निसटायला जागा नसल्यामुळे पाऊल जमिनीवर न टेकता पाण्यावर टेकते आणि घसरते. खरखरीत पृष्ठभागावर पाऊल लहान उंचवट्यांवर टेकते व पाणी मधल्या खाचांत सरकते. म्हणजेच खरखरीतपणा ही शोभा नसून पाण्याला दिलेली वाट होय.

ही जाण नवी नाही. आपल्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांमध्ये शंभराहून अधिक गुंफा आहेत. तेथे विहारांलगत पावसाचे पाणी साठविणाऱ्या पोढ्या खोदलेल्या आहेत आणि पाणी वळविण्यासाठी खडकात चरी कोरलेल्या आहेत. पाणी कोठे थांबावे आणि कोठून वाहून जावे, याचा निर्णय तेथे आधी झालेला दिसतो. तलावाचा काठ बांधतानाही प्रथम हाच निर्णय घ्यावा लागतो.

आधी उतार, मग पोत

काठाला तलावापासून बाहेरच्या दिशेने उतार असावा आणि तो दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ठेवावा. उताराच्या शेवटी जाळी असलेली नाली असावी. उतार तलावाकडे ठेवल्यास पायांची माती आणि पावसाचा गाळ थेट पाण्यात जातो. आपल्या भागात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. डबकी साचली तर शेवाळ धरते आणि शेवाळ धरल्यावर उत्तमातील उत्तम खरखरीत जमीनही निसरडी होते.

पोत कोणता निवडावा?

सर्वांत साधा आणि आमच्या मते शाळेसाठी सर्वांत योग्य पोत ब्रशचा. ओल्या काँक्रीटवर मऊ केसांचा रुंद ब्रश एका दिशेने ओढला की बारीक रेघा उमटतात. या रेघा तलावाच्या कडेपासून नालीच्या दिशेने असाव्यात. मुले कडेकडेने चालतात, त्यामुळे रेघा त्यांच्या पावलांना आडव्या येऊन पकड देतात आणि पाणीही उताराने वाहून जाते. राठ खराट्याने ओढलेल्या खोल रेघा मात्र अनवाणी तळव्यांना बोचतात.

दगडाची किंवा विटांची नक्षी उठविलेले स्टॅम्प काँक्रीट दिसावयास देखणे असते. परंतु नक्षीचा वरचा भाग गुळगुळीत राहतो आणि त्यावर चमकदार सीलर लावला की तोच घसरण्याचे कारण ठरतो. खडी उघडी ठेवण्याची पद्धत टिकाऊ आहे, पण आपल्याकडील क्रशरची खडी टोकदार असते. अनवाणी वापरासाठी गोल गोटेच हवेत. ताज्या काँक्रीटमध्ये मिठाचे खडे दाबून नंतर ते धुऊन काढण्याचीही एक रीत आहे. भाईंदरच्या मिठागरांजवळ मीठ सहज मिळेल, परंतु सळया असलेल्या स्लॅबवर ही रीत वापरू नये. राहिलेल्या क्षारामुळे सळया गंजतात आणि उरलेल्या खळग्यांत पाणी साचते.

रंग फिकट निवडावा. गडद जमीन एप्रिल-मेच्या उन्हात इतकी तापते की तीवर पाय ठेवणे अशक्य होते.

मिश्रण आणि ओतकाम

आपली हवा खारी आहे. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार समुद्रकिनाऱ्याच्या वातावरणातील सळयायुक्त काँक्रीट किमान एम ३० प्रतीचे असावे आणि त्यात पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ पेक्षा अधिक नसावे. न धुतलेली खाडीची रेती वापरू नये. गाडीतून आलेला माल पातळ करण्यासाठी जागेवर पाणी ओतू देऊ नये. त्यामुळे वरचा थर दुबळा होतो आणि पोत काही महिन्यांतच झिजतो.

काँक्रीट पसरून सारखे केल्यावर त्यावर पाणी सुटते. ती चमक पूर्ण ओसरल्यावरच ब्रश ओढावा. घाईने त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय घातक आहे, कारण तो थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये अडीच ते तीन मीटर अंतरावर सांधे द्यावेत, अन्यथा काँक्रीट आपल्या मर्जीने तडकते. तलावाची भिंत आणि काठ यांच्यामध्ये स्वतंत्र सांधा ठेवून तो लवचिक सीलंटने भरावा. पोझोलाना सिमेंट असल्यास किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस, ओले गोणपाट टाकून पाणी मारावे. हे काम पावसाळ्यात काढू नये, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर उरकावे.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. आपल्या मुलांच्या पावलांसाठी काम करणाऱ्या मजुरांची पावले उघडी असू नयेत. गमबूट आणि हातमोजे यांचा खर्च करारातच धरावा.

जुना काठ आणि देखभाल

जुना काठ मजबूत असेल, तर तो फोडण्याची आवश्यकता नाही. पॉलिमरमिश्रित सिमेंटचा काही मिलिमीटरचा थर फवारून नवा पोत देता येतो. तत्पूर्वी तेल, शेवाळ आणि भुसभुशीत पापुद्रे काढून टाकावेत. खालची तडा मात्र अशा थराने बरी होत नाही. कालांतराने ती वर उमटतेच.

देखभालीसाठी नायलॉनचा ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा आहे. अॅसिड टाकू नये. ते पोतच खाऊन टाकते. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जाड, चमकदार सीलर टाळून आत मुरणारा सीलर निवडावा.

शेवटची सूचना समितीच्या सदस्यांसाठी. काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदाराकडून एक चौरस मीटरचा नमुना करून घ्यावा. तो वाळल्यावर त्यावर साबणाचे पाणी ओतावे आणि कोणाचा तरी हात धरून त्यावर सावकाश अनवाणी चालून पाहावे. पाय घसरला तर पोत बदलावा, तळवे दुखले तरीही बदलावा. ही अट करारात लिहावी आणि अंतिम देयक तिच्याशी जोडावे. विद्यालयाच्या न्हाणीघरासाठी, कपडे धुण्याच्या कट्ट्यासाठी आणि आपल्या घरातील मोरीसाठीही हीच कसोटी लागू पडते. रंग-नक्षी पाहून निर्णय घेण्याआधी जमीन ओली करून पाहावी, एवढे पथ्य पाळले तरी अनेक हाडे मोडण्यापासून वाचतील.