सागाचा गाव आणि शिडाचे जहाज

आमच्या बल्लारपुरास वर्धा नदी आहे, सागाच्या ओंडक्यांचा डेपो आहे. समुद्र मात्र नाही. मग शिडाच्या जहाजाची गोष्ट येथे कशासाठी? जहाज बांधणे म्हणजे मुळात लाकूड ओळखणे होय, म्हणून!

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. त्याचे लाकूड मलबारी साग. सागातील तेल लाकडाला कुजू देत नाही; उलट, ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते.

अशा जहाजाची लहान प्रतिकृती आता घरीही बांधता येते. संचात कापलेले तुकडे, पट्ट्या व आराखडा मिळतो. प्रथम कणा उभा करावा, त्यावर फासळ्या बसवाव्यात, मग भिजवून वाकविलेल्या पट्ट्या चिकटवाव्यात. नवखा फसतो तो येथेच. एकाच बाजूच्या पट्ट्या आधी लावल्या, तर त्यांच्या ताणाने कणाच पिळवटतो. म्हणून एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. नाळेकडे अंग निमुळते होते, तेव्हा पट्टीही त्या टोकास तासावी. नाहीतर ती शेजारणीवर चढते.

गंमत अशी की, या कामाला साग फारसा सोयीचा नाही. त्याची रंध्रे मोठी. लहान मापात ती डोळ्यांत भरतात. तेथे बारीक पोताचे लाकूडच शोभते. लाकडाची थोरवी कामावर ठरते.

आमच्या मुलांनी ओंडके गाडीवर चढताना पाहिले आहेत. लाकडाचा कणा कसा होतो, हेही त्यांनी एकदा स्वतःच्या हातांनी अनुभवावे.