उलटं कोरलं, सुलटं उमटलं

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1887 मध्ये पॅरिसला जपानी चित्रकार हिरोशिगेच्या प्लमबागेच्या छापचित्राची तैलरंगात नक्कल केली. दोन्ही कडांना नारिंगी पट्टे रंगवून त्यांवर त्याने जपानी अक्षरं काढली. मूळ चित्रात हे पट्टे नव्हते आणि जपानी त्याला वाचताही येत नव्हतं. त्याला भुरळ पडली होती ती अक्षरांच्या नुसत्या आकारांची.

हिरोशिगेकडेही अक्षर चित्राबाहेर नसतंच. कोपऱ्यातल्या लाल चौकटीत चित्रमालेचं नाव, शेजारी स्थळाचं नाव, कुठे सही. ती चौकट झाकून पाहा, चित्राचा तोल ढळतो. पातळ कागदावर कुंचल्याने काढलेलं चित्र आणि मजकूर चेरीच्या फळीवर उलटा चिकटवत. कोरणारा रेषा तेवढ्या शाबूत ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकी. यात मूळ कागद नष्टच होई. कुंचल्याचा वेग उरायचा तो सुरीच्या जोरावर. नाव मात्र बहुधा चित्रकाराचंच गाजलं!

छपाईचे सुटे खिळे जपानला ठाऊक नव्हते असं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते कोरियातून आणि जेझुइट पाद्र्यांबरोबर आले, पण साधारण अर्धशतकात लाकडी ठशांनी पुन्हा बाजी मारली. एकात एक गुंफत जाणारी वळणदार लिपी खिळ्यांत बसवणं जिकिरीचं होतं, हे त्यामागचं एक कारण.

आपल्याकडे लाकडाऐवजी आधी तांबं आणि मग दगड आला. मिरजेला संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि 1831 मध्ये पंचांग छापलं. चरबीच्या शाईचा विटाळ नको म्हणून त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात.

शिळाछापाची खुबी कोरण्यात नव्हती. लेखनिक तेलकट शाईने खास कागदावर लिही. तो दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरत आणि छापताना सुलटी होत. त्यामुळे हाताचं वळण जसंच्या तसं कागदावर येई. छापील पोथी हस्तलिखितासारखी दिसे, आणि छापील अक्षराकडे संशयाने पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवं होतं.

पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देखणे देवनागरी खिळे घडवले आणि ग्रंथछपाईतून लेखनिक मागे पडला. नाटकांच्या जाहिरातींत मात्र हाताचं अक्षर टिकलं. तिथे कमल शेडगे नाटकाचं नावच असं रेखाटत, की प्रेक्षकाला त्याची जातकुळी वाचण्याआधी कळे.