चमचमतं पातं आणि गांडुळाचा तुकडा

अचलपूर-परतवाड्याजवळच्या सापन धरणासारख्या पाण्यात हाताएवढी चिलापी धरायची, तर नुसतं गांडूळ पुरे, असं बहुतेक गळवाले म्हणतील. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा संख्येने भराभर वाढतो, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि गर्दी झाली की मासे खुरटेच राहतात. त्यामुळे तो गळाला लागतो, यात नवल नाही. पण गांडूळ जागच्या जागी लोंबतं, त्याचा वास पसरायला वेळ लागतो. फिरतं धातूचं पातं मात्र चमकतं, पाणी हलवतं, आणि ती थरथर मासा अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेने टिपतो. जवळ आल्यावर पातं उघडं पडतं, कारण धातूला चव नसते. तिथे गांडूळ कामी येतं: मासा चाखतो, लगेच थुंकत नाही, आणि गळ ओढायला एखादा क्षण जास्त मिळतो.

आक्षेप असा की, गांडूळ लावलं की पात्याची चाल बिघडते. अख्खं लावलं तर बिघडतेच! बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा तुकडा गळाच्या टोकाला खोचला, की पातं मोकळं फिरतं आणि शेपटी कुरतडून पळणाऱ्यांचीही सोय उरत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मात्र चमक वाया जाते. तेव्हा जुन्या मंडळींचं साधं गांडूळच खरं. धरणातल्या मासेमारीचा हक्क अनेकदा सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारावी. मेळघाटच्या राखीव जंगलात तर तो टाकूच नये.