हरळीची निगा, माळाची निगा

बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला हरळी म्हटलं की उन्हाळी नांगरट आठवते. नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात ती एकदा शिरली की उसाच्या सरीतून हटत नाही. काशा वेचून बांधावर वाळवल्या तरी एखादा तुकडा मागे राहतो आणि पहिल्या पाण्याला पुन्हा फुटतो. याच हरळीच्या दूर्वा मोरगावच्या मयूरेश्वराला वाहतात. आणि उष्ण प्रदेशांतली अनेक गोल्फ मैदानंही हिच्याच प्रजातीवर, सायनोडॉनवर, उभी आहेत.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन इथे, ग्लेन बर्टन यांनी साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पानाच्या जातीशी संकर केला. १९५६ मध्ये 'टिफग्रीन' आणि १९६० मध्ये 'टिफवे' हे वाण आले. त्यांना बी धरत नाही, म्हणून उसाच्या बेण्यासारखे तुकडे लावावे लागतात. बर्टन यांचं आपल्या जिराईत पट्ट्यावरही ऋण आहे. त्यांच्याच 'टिफ्ट २३ ए' या बाजरीच्या नरवंध्य वाणावरून लुधियान्यात 'एचबी-१' तयार झाला आणि १९६५ मध्ये भारताला पहिली संकरित बाजरी मिळाली. पुढे गोसावी रोगाने या संकरितांना चांगलंच झोडपलं, पण वाट मोकळी झाली होती. गोल्फचं गवत आणि भाकरीचं संकरित पीक एकाच संशोधकाच्या कामातून आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, गवत चार-पाच मिलिमीटरवर राखतात, हंगामात जवळजवळ रोज कापून. पण खरी निगा जमिनीखालची. चालून चालून माती दबते, वाळक्या काड्या-मुळ्यांचा थर साचतो, पाणी वरच थांबतं. मग पोकळ सळ्यांनी भोकं पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढतात, वरून बारीक वाळू पसरून ती भोकांत उतरवतात. काही दिवस मैदान कुरूप दिसतं, खेळणारे कुरकुरतात. पण हे टाळलं तर पावसाळ्यात गवत कुजतं. चेंडूने पडलेला खळगा खेळाडूने स्वतः बुजवायचा असतो. तोही काट्याने तळ वर उचकटून नव्हे, कारण त्याने मुळं तुटतात. कडेचं गवत मध्याकडे ढकलून वरून दाबायचं. मिनिटाभराचं काम, पण तसंच सोडलं तर तिथलं गवत वाळून डाग पडतो.

या खेळाची जुनी मैदानं कुणी आखून केलेली नव्हती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची वाळूची, नांगराला निरुपयोगी जमीन, वर आखूड गवत आणि ते कापायला मेंढ्या. आपल्या सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीच्या माळांशी तिचं नातं इथे जुळतं. इथेही पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या घरात, खाली मुरूम, वर पवन्या, मारवेल, कुसळी आणि धनगरांची मेंढरं. चिंकारा, लांडगा, खोकड, माळटिटवी यांना ही उघडी जागाच हवी असते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, पण चिंकारा तिथे दिसतो.

तरीही सरकारी नकाशांत असे माळ 'पडीक' ठरतात, आणि पडीक म्हटलं की लगेच खड्डे खणून गिरिपुष्प लावायची घाई होते. सावली पडते, गवत विरळ होतं, चिंकारा ती जागा सोडतो. माझ्या मते माळाचं सर्वांत मोठं नुकसान अशा चांगल्या हेतूच्या कामांनीच झालं आहे. माळाला लागतात ती कामं छोटी आहेत. मेंढरं एकाच तुकड्यावर न बसवता फिरती ठेवणं. गवताचं बी जमिनीवर पडेपर्यंत काही पट्ट्यांना विसावा देणं आणि कापणी त्यानंतरच करणं. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करणं, पाणवठे भरते ठेवणं, वेडी बाभूळ रोपटं असतानाच उपटणं. यातल्या एकाही कामाचं उद्घाटन होत नाही, म्हणून ती मागे पडतात.

दिवाळीच्या सुट्टीत सुप्याला किंवा कडबनवाडीला गेलात तर गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. चाकांनी दबलेला मुरूम पुन्हा मोकळा करायला तिथे कुणी सळ्या घेऊन येत नाही. आणि तुमच्या गावच्या ग्रामसभेत माळावर झाडं लावायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा की या माळावर कोणकोणतं गवत येतं.