माकुलपुराण : दोन कंसांचा हिशेब

उडणाऱ्या माकुलांना आज रजा. पिंपळगाव राजाच्या एका शिक्षकांचं पत्र आलंय. गेल्या खेपेच्या माकुलाचं, म्हणजे स्क्विडचं, ‘युरोट्युथिस (फोटोलोलिगो) ड्युवॉसेलाय (दॉर्बिन्यी, 1835)’ हे नाव वाचून ते विचारतात, ‘‘एका नावात दोन कंस कशाला? फळ्यावर लिहिताना गाळले तर चालतील?’’ प्रश्न माझ्या आवडीचा, तेव्हा अख्खा हप्ता सरांना.

पहिला कंस उपप्रजातीचा. प्रजातीच्या पोटातला हा गट आहे. गाळला तरी बिघडत नाही. दुसऱ्याची गोष्ट निराळी. दॉर्बिन्यीने 1835 मध्ये या माकुलाला ‘लोलिगो’ प्रजातीत घातलं होतं. पुढे त्याची वेगळी चूल मांडावी लागली, कारण त्याच्या पोटातच होतं. ससून डॉकवरचं ताजं माकूल उभं चिरून पाहा. शाईच्या पिशवीवर दोन बाजूंना वालाच्या दाण्यांसारखी दोन प्रकाशेंद्रियं दिसतील. युरोपातल्या लोलिगोला ती नसतात. प्रजाती बदलली, तरी पहिलं वर्णन करणाऱ्याचं श्रेय बुडत नाही. त्याचं नाव फक्त कंसात जातं. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं 51.3 हे कलम तेच सांगतं.

उलट उदाहरण हवं तर काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेन घ्या. तो माकुलाच्या भाऊबंदांचा, सेपियांचा, पाठीतला कवचाचा तुकडा. आपल्या किनाऱ्यावरच्या एका सेपियाचं नाव ‘सेपिया फॅराओनिस एरेनबर्ग, 1831’ असं लिहितात. तेव्हाही सेपिया, आजही सेपिया. म्हणून कंस नाही.

आता ‘ड्युवॉसेलाय’मधला हा ड्युवॉसेल कोण? आल्फ्रेड ड्युवॉसेल म्हणजे जीवशास्त्रज्ञ क्युव्हिएचा सावत्र मुलगा. 1818 मध्ये तो कलकत्त्याला आला, चंद्रनगरला राहून पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी जमवत राहिला आणि 1824 मध्ये मद्रासला वारला. विदर्भातून कान्हाला जाणाऱ्यांनी त्याचं नाव नकळत पाहिलेलं असतं. बारशिंगा म्हणजे ‘रूसर्व्हस ड्युवॉसेलाय (जी. क्युव्हिए, 1823)’. इथेही कंस आहेच, कारण क्युव्हिएने त्याला ‘सर्व्हस’मध्ये घातलं होतं. हरणाला आणि माकुलाला एकच जातिनाम चालतं, कारण प्रजाती निराळ्या. न्यूझीलंडच्या एका पालीलाही त्याचंच नाव आहे. तिचा नमुना बंगालमधला समजून 1836 मध्ये बारसं उरकलं. पाल मात्र न्यूझीलंडखेरीज कुठेच सापडत नाही. चूक कळली, तरी नाव टिकलं. नावाने प्राणी ओळखता आला की झालं, त्यातली माहिती खरी असलीच पाहिजे असं नाही.

तर सर, लहान वर्गांना नुसतं ‘युरोट्युथिस ड्युवॉसेलाय’ पुरे. पण दॉर्बिन्यी आणि साल लिहिलंत, तर कंस गाळू नका. गाळलात, तर त्याने हे माकूल पहिल्यापासून युरोट्युथिसमध्येच घातलं होतं असा अर्थ होतो, आणि तो चुकीचा आहे. उडणारी माकुलं पुढच्या आठवड्यात.