जुन्या डिझेल इंजिनाची ऑइल गळती : पॅकिंग बदलण्याआधी

वर्सोवा, यारी रोडच्या गॅरेजात एखादी जुनी ॲम्बेसेडर डिझेल आली की तक्रार बहुधा ठरलेली असते : "मिस्त्री, खाली ऑइल पडतंय." क्लचजवळ ओल दिसली की आपले कारागीर बांधव गिअरबॉक्स उतरवतात, पॅकिंग बदलतात, मजुरी घेतात. पंधरा दिवसांत गाडी परत दारात. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मात्र कोणी देत नाही. ती पदरचीच जाते.

या १४८९ सीसी इंजिनाची घडण मुळात ब्रिटनच्या बीएमसी कंपनीची. क्रँकच्या मागच्या टोकाला त्यात रबरी सील नाही. तेथे आट्यासारखी खाच कापलेली असते आणि क्रँक फिरताना ती ऑइल परत आत ढकलते. आत दाब वाढला की ही खाच हरते. मग नवे पॅकिंग काय करणार?

म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडे करावे, सुरू ठेवावे आणि ओल सर्वांत वर कोठे येते ते पाहावे. ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे सरकते. थेंब पडतो तेथेच गळती असते असे नाही. नंतर इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढावे. धुराचे झोत येत असतील तर ते बॅक कॉम्प्रेशन. आधी ब्रीदरची नळी साफ करावी, पुष्कळदा ती काजळीने तुंबलेली असते. तरीही झोत थांबले नाहीत तर रिंगा, बोअर झिजले आहेत. हे मालकाला काम घेण्यापूर्वीच सांगावे, तेही बिलबुकावर लिहून.

डिपस्टिकही पाहावी. ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. असे पातळ ऑइल गळतेच, शिवाय बेअरिंगही खाते. पंप दुरुस्त करून ऑइल बदलावे.

चेंबरचे पॅकिंग बदलायचेच असेल तर घाई नको. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्र्याची कड गंजते आणि बोल्ट जास्त आवळल्याने भोकांभोवती वाकते. ती सपाट ठोकळ्यावर ठोकून सरळ करावी. जुने पॅकिंग खरवडून काढावे, पण ब्लॉकच्या तोंडावर ओरखडा पडू देऊ नये. सिलिकॉन पातळ लावावे. जाड थर आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाईल. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

कॉर्कचे पॅकिंग इंजिन तापल्यावर दबते. दोन-तीन दिवसांनी गाडी बोलावून बोल्ट हलक्या हाताने पुन्हा तपासावेत.